‘पॉवरची’ गोळी कोणती?

घसा धरला की मेडिकलच्या काउंटरवर हमखास ऐकू येतं, ‘जरा पॉवरची गोळी द्या.’ मग हातात पडते ॲझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी. दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागणारं ॲमॉक्सिसिलिन तिच्यापुढे लेचंपेचं वाटतं. हा समज चुकीचा आहे.

ॲमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं. ते १९७२ मध्ये बाजारात आलं. वाढताना जिवाणूला आपल्या पेशीभोवतीची भिंत सतत बांधावी लागते. हे औषध ते बांधकाम बंद पाडतं. भिंत कमकुवत होते आणि आतल्या दाबाने जिवाणू फुटतो. माणसाच्या पेशींना अशी भिंतच नाही, म्हणून त्या वाचतात. पण न्यूमोनिया करणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूलाही भिंत नसते. तिथे ॲमॉक्सिसिलिनचा उपयोग शून्य.

तिथे ॲझिथ्रोमायसिन कामी येतं. झाग्रेबच्या प्लिवा कंपनीतल्या संशोधकांनी ते १९८० मध्ये शोधलं. ते जिवाणूच्या रायबोसोमला चिकटतं. प्रथिनं तयार होणं थांबतं आणि जिवाणूची वाढ खुंटते.

मग तीनच गोळ्या का पुरतात? ॲमॉक्सिसिलिनचं रक्तातलं प्रमाण साधारण तासाभरात निम्म्यावर येतं. ॲझिथ्रोमायसिन पेशींमध्ये साठून राहतं. ते निम्म्यावर यायला जवळपास ६८ तास लागतात. म्हणजे फरक ताकदीचा नाही, मुक्कामाचा आहे. या लांब मुक्कामाला किंमतही आहे. गोळ्या संपल्यावरही औषधाचा अंश बरेच दिवस रेंगाळतो आणि तेवढ्या अपुऱ्या माऱ्यातून तगलेले जिवाणू औषधाला दाद देईनासे होतात.

घशाला सूज आणणाऱ्या ‘अ’ गटातल्या स्ट्रेप्टोकोकसचंच पाहा. ॲझिथ्रोमायसिनला न जुमानणारे त्याचे वाण अनेक देशांत सापडतात. पेनिसिलिनला अजिबात दाद न देणारा वाण मात्र रुग्णांमध्ये अजून पक्का आढळलेला नाही. म्हणूनच तिथे पहिला मान पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिनचा. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ॲझिथ्रोमायसिनसारखा पर्याय. जागतिक आरोग्य संघटनेनेही ॲमॉक्सिसिलिनला ‘सहज उपलब्ध असावं’ अशा गटात ठेवलंय, तर ॲझिथ्रोमायसिनला ‘जपून वापरा’ या गटात.

आणि घसा दुखण्यामागे बहुतेक वेळा विषाणू असतात. त्यांच्यावर ही दोन्ही औषधं चालत नाहीत.

पुढच्या वेळी पट्टी हातात आली की तिच्यावरची उभी लाल रेघ पाहा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, एवढंच ती सांगते. तिचं ऐका.