श्रेयांकांची खतावणी मुलांच्याच हाती

पदवीस किमान 120 श्रेयांक, म्हणजे सत्रास साधारणतः 20. एका श्रेयांकास 30 तासांचे अध्ययन धरल्यास, वर्ग व घरचा अभ्यास मिळून सत्राचे 600 तास होतात. 15 आठवड्यांत विभागता आठवड्यास 40. हा हिशेब पालकांनी एकदा समजावून द्यावा. वेळापत्रक मात्र पाल्यानेच मांडावे.

दिवाळीची गर्दी आणि सत्रपरीक्षा बहुधा लागूनच येतात. म्हणून दुकानाचे तास सत्रारंभीच ठरवावेत आणि वडिलांनी ते पाळावेत. दर रविवारी एवढेच विचारावे : काय उरकले, काय बाकी राहिले? प्रकल्पाची एखादी तारीख चुकल्यास ती नुकसानी त्याच्याच खाती पडू द्यावी. आजचा हा लहानसा तोटा उद्या पेढी सांभाळताना भांडवल ठरतो.