उडणाऱ्या खोक्याचा तपास

मंडळाच्या बैठकीत बाई म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरची मुलं दिवसभर त्या लॅबमध्ये काय करता, ते एकदा मराठीत लिहा की!" म्हणून हा लेख. यात एक उडणारं खोकं आहे, आणि आम्ही ज्याच्यावर उगाच आळ घेतला असा एक मित्र आहे.

गॅदरिंगसाठी आम्ही चौघांनी एक छोटा गेम बनवला होता. चार खेळाडूंनी गोदामातली खोकी ढकलत न्यायची आणि एकावर एक रचायची. एकटं खेळलं की सगळं व्यवस्थित. चौघं खेळायला लागलो की मात्र एखादं खोकं थरथरायचं आणि एकदम छताकडे उडायचं. कधी तर भिंतीतून आरपार बाहेर! आणि हे बहुतेक वेळा आमचा गोव्याचा मित्र खोकं ढकलत असतानाच व्हायचं. "तूच काहीतरी चीटिंग करतोयस," असं आम्ही त्याला तोंडावर म्हणालो. तो काही बोलला नाही. लॅपटॉप मिटला आणि मेसकडे निघून गेला.

आता हे खोकं उडतं कसं, ते बघू. गेममधलं जग सलग चालत नाही, पावलापावलानं चालतं. सर्व्हरच्या अशा एका पावलाला 'टिक' म्हणतात. आमच्याकडे सेकंदाला ६० टिक होत्या, म्हणजे एक टिक साधारण १६.७ मिलिसेकंदांची. प्रत्येक टिकला सर्व्हर प्रत्येक खोक्याचा वेग आणि नवी जागा काढतो आणि दोन खोकी एकमेकांत घुसली आहेत का ते तपासतो. घुसली असतील तर त्यांना बाजूला ढकलतो. जितकी खोल घुसली, तितका धक्का मोठा. म्हणजे खोकं उडालं, याचा अर्थ कुणीतरी ते दुसऱ्या खोक्याच्या पोटात नेऊन ठेवलं होतं. पण कुणी?

आधी आम्ही सोपा उपाय केला. खोक्याच्या वेगाला मर्यादा घातली. उडणं थांबलं, थरथरणं राहिलं. ताप उतरला नव्हता, आम्ही फक्त थर्मामीटर लपवला होता.

मग मर्यादा काढली आणि नीट नोंद ठेवायला लागलो. टिकचा क्रमांक, खोक्याची जागा, वेग आणि ती जागा कुणी सांगितली, असं सगळं फाइलमध्ये. खेळ लहान केला: दोनच खेळाडू, दोनच खोकी. काही वेळातच नोंदीत सापडलं. एकाच टिकमध्ये एकाच खोक्याच्या दोन जागा लिहिल्या होत्या!

चूक आमच्या रचनेत होती. जो खोक्याला हात लावेल त्याच्या कॉम्प्युटरनं त्या खोक्याचा हिशेब करायचा आणि सर्व्हरला कळवायचा, असं आम्ही ठरवलं होतं. दोघांनी हात लावला की दोन हिशेब यायचे, आणि सर्व्हर शेवटी आलेला खरा मानायचा. आम्ही तिघं लॅबच्या कॉम्प्युटरवर, केबलनं जोडलेले. मित्राचा लॅपटॉप वायफायवर. त्याचा निरोप खरा असायचा, पण क्षणभर शिळा. तोवर त्या जागी दुसरं खोकं आलेलं असायचं. सर्व्हर निमूटपणे एक खोकं दुसऱ्यात ठेवायचा, आणि पुढच्या टिकला स्फोट.

खात्री करायला मी त्याचा लॅपटॉप घेतला आणि त्याला माझ्या खुर्चीवर बसवलं. आता खोकी माझ्या हातून उडायला लागली.

उपाय असा: हिशेब एकाच ठिकाणी, सर्व्हरवर. खेळाडूनं फक्त कुठली कळ दाबली ते कळवायचं. सर्व्हर सेकंदाला २० वेळा जागा पाठवतो आणि मधली हालचाल प्रत्येकाचा पडदा स्वतः भरून काढतो. याची किंमतही आहे, आपला धक्का किंचित उशिरा दिसतो. २०१५ साली आलेल्या 'रॉकेट लीग'मध्ये गाड्या आणि चेंडू यांचा हिशेब सेकंदाला १२० वेळा होतो. तिथे खेळाडूचा कॉम्प्युटर आधी अंदाज बांधून दाखवतो आणि सर्व्हरचं उत्तर वेगळं आलं तर दुरुस्त करतो. खरेपणा सर्व्हरकडेच राहतो.

भिंतीची भानगड वेगळी निघाली. सेकंदाला ३० मीटर वेगानं जाणारं खोकं एका टिकमध्ये अर्धा मीटर जातं. आमचं लहान खोकं २० सेंटिमीटरचं, भिंतही तेवढीच जाड. या टिकला खोकं भिंतीच्या अलीकडे, पुढच्या टिकला पलीकडे. मधे भिंत होती हे सर्व्हरला कळतच नाही. याला टनेलिंग म्हणतात. त्यात आमची टिक गर्दीत लांबायची. ती ५० मिलिसेकंदांची झाली की उडी दीड मीटरची! म्हणून टिक कायम सारख्या मापाची ठेवली. सर्व्हर मागे पडला तर तेवढ्याच मापाच्या जास्त टिक घ्यायच्या, पण त्यांनाही मर्यादा, नाहीतर तो कधीच गाठत नाही. शिवाय वेगवान खोक्यांचा मधला रस्ताही तपासायला लावला.

त्या रात्री मेसमध्ये आम्ही तिघांनी मित्राची माफी मागितली. तो म्हणाला, "मी पहिल्याच दिवशी सांगणार होतो की वायफाय स्लो आहे. पण तुम्ही विचारलंच कुठं?"

एखादा माणूस हजर असतानाच बिघाड होतो, म्हणून तो त्यानंच केला असं नसतं. आळ घेण्याआधी एकदा खुर्च्या बदलून पाहाव्यात.