खेळ आणि शरीर – भाग ६ : भिंतीजवळची खडूची रेघ

मागच्या भागात वॉर्म-अपबद्दल लिहिलं. त्यावर आलेल्या प्रश्नांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता : ‘सामन्याआधी फिजिओकडून चांगलं रगडून घेतलं तर खेळ सुधारतो का?’ नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हटलं तर उत्तर अर्धवट राहील. म्हणून आजचा भाग हातांचा.

माझ्याकडे सध्या १९ वर्षांचा एक कबड्डीपटू येतो. चढाईपटू आहे. पाच आठवड्यांपूर्वी पकडीतून निसटताना त्याचा उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली, चालताना दुखायचं थांबलं, तरी गाडी काही रुळावर येईना. ‘मॅडम, दुखत नाही हो, पण पायावर भरवसाच वाटत नाही,’ असं त्याचं म्हणणं.

त्याला भिंतीसमोर उभं केलं. टाच जमिनीला चिकटलेली ठेवायची आणि गुडघा पुढे नेऊन भिंतीला टेकवायचा. टाच न उचलता पायाचा अंगठा भिंतीपासून जितका लांब ठेवता येईल, तितका घोटा चांगला वाकतो असं समजायचं. डाव्या पायाचं अंतर ११ सेंटीमीटर भरलं, उजव्याचं ६. वाकून चढाई करताना, उडी मारून खाली येताना, दिशा बदलताना हाच घोटा वाकावा लागतो. तो अडला की भार गुडघ्यावर आणि कमरेवर जातो, आणि खेळाडूला वाटतं आपला वेगच गेला.

पाऊल नडगीकडे वाकतं तेव्हा घोट्यातलं टेलस नावाचं हाड नडगीच्या खोबणीत किंचित मागे सरकतं. मुरगळल्यानंतर हे सरकणं बऱ्याचदा कमी झालेलं असतं. त्याला टेबलावर झोपवलं, टाच कडेबाहेर काढली, अंगठा आणि तर्जनीच्या मधली बेचकी टेलसवर टेकवली आणि ते हाड लयीत मागे दाबत राहिले. दाब किती आणि कुठवर न्यायचा, याच्या पायऱ्या ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी घालून दिल्या. पहिली पायरी इतकी हलकी, की वेदनेला चाहूलही लागू नये. चौथी सांध्याच्या हालचालीच्या अगदी शेवटच्या टोकाशी. मिनिटभराच्या तीन फेऱ्या झाल्या. परत भिंतीशी नेलं, तर ८ सेंटीमीटर. पोरगा चकित. ‘हाड बसवलंत का मॅडम?’

हाड जागचं हललेलंच नव्हतं, तर बसवणार काय? आपल्याकडे हाडवैद्यापासून चालत आलेली ही समजूत ‘कट्’ आवाजाने आणखी पक्की होते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडतानाचं चित्रण एमआरआयमध्ये केलं. सांध्याचे पृष्ठभाग झटकन दूर होताना आतल्या द्रवात एक पोकळी तयार होते, तो हा आवाज. सांधा ‘जागेवर आल्याची’ ती पावती नव्हे.

मग फरक पडला तो कशाने? थोडा उतींच्या ताणात झालेल्या बदलाने, आणि बराचसा मज्जासंस्थेमुळे. दुखऱ्या सांध्याभोवतीचे स्नायू मेंदू आखडून ठेवतो, काहींची ताकद दाबून धरतो. सायकलचा ब्रेक चाकाला घासत असावा आणि आपण पायडल मारत राहावं, तशी गत. हाताचा लयबद्ध दाब त्वचा, स्नायू आणि सांध्यातल्या चेतातंतूंतून ‘धोका नाही’ असा निरोप पाठवत राहतो. वेदना कमी होते, आखडलेपण सुटतं. त्यात खेळाडूचा विश्वासही मिसळलेला असतो, हे कबूल करण्यात आम्हा फिजिओंना कमीपणा वाटू नये. २००१ साली ऑस्ट्रेलियात घोटा मुरगळलेल्या ४१ जणांवर अभ्यास झाला. बर्फ आणि विश्रांतीच्या जोडीला घोट्यावर असं हाताने काम केलेल्यांचा पाय कमी भेटींत, न दुखता पूर्ण वाकू लागला आणि त्यांच्या चालीचा वेगही अधिक सुधारला.

हे झालं दुखावलेल्याचं. धडधाकट खेळाडूला रगडलं तर? २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी २९ अभ्यास आणि १,०१२ लोकांची माहिती एकत्र तपासली. ताकद, उडी, धाव, दमसास यांपैकी कशातही मालीशने सुधारणा दिसली नाही. लवचिकता थोडी वाढली आणि व्यायामानंतरचं अंगदुखणं थोडं कमी झालं, इतकंच. म्हणजे १०० मीटरची वेळ मालीशच्या टेबलावर कमी होत नाही.

‘मालीशने लॅक्टिक अ‍ॅसिड निघून जातं’ हे वाक्य तर प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. व्यायामानंतर रक्तातलं लॅक्टेट साधारण तासाभरात आपोआप खाली येतं, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. २०१२ साली कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात ११ तरुणांना थकेपर्यंत सायकल चालवायला लावून एकाच पायाला १० मिनिटं मालीश केलं आणि दोन्ही मांड्यांतल्या स्नायूचे बारीक तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मालीश केलेल्या पायात दाहाच्या खुणा मात्र कमी होत्या.

आपल्या तालमीत हे शहाणपण क्रमातच आहे. आधी जोर-बैठका आणि हौद्यातली लढत, मग एकमेकांचं अंग रगडणं. मालीशवर पैलवान तयार होतो असं कुठलाही वस्ताद मानत नाही. ते उद्याच्या मेहनतीसाठी अंग मोकळं करणं असतं. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू मायकल फेल्प्सच्या पाठीवर तुंबडी लावल्याचे जांभळे गोल दिसले तेव्हा जगाला नवल वाटलं. आपल्याला तुंबडी नवी नाही. पण त्याची पदकं त्या गोलांतून आली नव्हती.

काही गोष्टी मात्र गाठीशी बांधून ठेवा. सामन्याच्या दिवशी खोल, दुखेल असं रगडून घेऊ नका. हलका हात आणि नेहमीचा वॉर्म-अप पुरे. मांडीवर जोराचा मार बसला असेल तर पहिले काही दिवस तिथे चोळू नका. आत साकळलेल्या रक्ताच्या जागी पुढे स्नायूत हाड तयार होऊ शकतं, आणि तो खेळाडू महिनोन्‌महिने बाहेर बसतो. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लांबच्या प्रवासानंतर दुखू लागली, तर तेल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

आता त्या पोराच्या दोन सेंटीमीटरकडे. तसंच सोडून दिलं असतं तर दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यातलं बरंचसं परत गेलं असतं. सैल झालेला घोटा काही वेळच सैल राहतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्याकडून काम करून घ्यायचं असतं. म्हणून टेबलावरून उतरल्या उतरल्या त्याला कामाला लावलं : पायरीवर टाच खाली सोडून वर उचलणं, एका पायावर बैठक, मग छोट्या उड्या. घरी जाताना हातात खडूचा तुकडा दिला. रोज व्यायामानंतर भिंतीशी उभं राहायचं आणि अंगठ्याशी जमिनीवर रेघ ओढायची.

पहिला आठवडा त्याने कंटाळा केला. दुसऱ्या आठवड्यापासून रेघांचे फोटो मोबाइलवर येऊ लागले. गेल्या सोमवारी उजव्या पायाची रेघ १० सेंटीमीटरवर होती. त्या दिवशी तो टेबलाकडे फिरकलाच नाही. दारातूनच विचारलं, ‘मॅडम, आज थेट उड्यांनीच सुरुवात करू?’

(पुढील आठवड्यात : धावताना मांडीच्या मागे चमक का भरते?)