पहिला दोषी पोलीस सोमालीच कसा?

डिसेंबर २०२५मध्ये ट्रम्प यांनी सोमाली स्थलांतरितांना ‘कचरा’ म्हटलं आणि त्याच महिन्यात मिनेसोटातल्या मिनियापोलिसमध्ये ‘आइस’ या स्थलांतर-अंमलबजावणी यंत्रणेची पथकं उतरली. हे सगळ्यांनी वाचलं आहे. त्या चर्चेत एक समजूत मात्र सारखी डोकावते: या लोकांना कायद्याचं राज्य ठाऊकच नाही, म्हणून ते पोलिसांना बिचकतात.

१९९१मध्ये सियाद बर्रेची राजवट कोसळली आणि सोमालियात सरकार नावालाही उरलं नाही, हे खरं. खुनाचा निवाडासुद्धा कुळातले वडीलधारे करत. उंट किंवा पैसे भरपाई देऊन प्रकरण मिटे. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे त्यांना वेगळं सांगायला नको. पण युरोपातल्या पाहण्यांत भलतंच दिसतं. नव्यानं आलेल्या स्थलांतरितांचा पोलीस-न्यायालयांवरचा विश्वास बऱ्याचदा स्थानिकांहून जास्त असतो, कारण त्यांची तुलना मायदेशाशी असते. मुलं तिथंच वाढली की तो झिजत जातो.

कसा झिजतो, हे महंमद नूरच्या खटल्यात दिसलं. सोमालियात जन्मलेला नूर मिनियापोलिस पोलिसांत गेला तेव्हा महापौरांनी त्याचं जाहीर कौतुक केलं होतं. जुलै २०१७मध्ये मदतीसाठी फोन केलेल्या जस्टिन डेमंड या गोऱ्या ऑस्ट्रेलियन बाईंना त्यानं गोळी घातली. गुन्हा होताच, त्यात वाद नको. २०१९मध्ये साडेबारा वर्षांची शिक्षा झाली, कुटुंबाला दोन कोटी डॉलर मिळाले. ड्युटीवर असताना केलेल्या हत्येबद्दल खुनाचा दोषी ठरलेला तो मिनेसोटातला पहिला पोलीस. त्याआधी दोनच वर्षं, फिलँडो कॅस्टिल या कृष्णवर्णीयाला मारणारा पोलीस निर्दोष सुटला होता. पहिला आमचाच कसा, असं सोमालींनी विचारलं तर त्यांचं काय चुकलं? २०२१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं खुनाचा ठपका रद्द केला. सदोष मनुष्यवधाबद्दल पावणेपाच वर्षं उरली. तोवर न्यायालयाबद्दल व्हायचं ते मत होऊन गेलं होतं.

दुसरी बाजूही आहे. मुलांच्या जेवणाच्या निधीत झालेल्या अफरातफरीच्या खटल्यात, २०२४मध्ये, एका ज्युरर बाईंच्या घरी लाच म्हणून १ लाख २० हजार डॉलरची पिशवी पोचवली गेली. त्यांनी थेट पोलिसांना कळवलं. आरोपी बहुतांश सोमाली होते. पण त्या मूठभरांवरून अख्खा समाज जोखणं म्हणजे ट्रम्प यांचीच री ओढणं.

मिनियापोलिसचे शहर पोलीस कुणाचा व्हिसा तपासत नाहीत, तसा शहराचा नियमच आहे. पण दारावर थाप पडल्यावर बाहेरचा गणवेश शहर पोलिसांचा की ‘आइस’चा, हे कोण बघत बसणार? उद्या एखाद्या गुन्ह्याला साक्षीदार मिळाला नाही, तर त्याचं खापर सोमाली कुळरीतीवर फोडू नये.