पेटी भरली, पत्र परत गेले

आमच्या वस्तीतील एका मुलीने परदेशातील विद्यापीठात एम.ए.साठी अर्ज केला होता. वडील हयात नाहीत, आई चार घरची कामे करते. अर्ज गेला, पोच आली आणि मग दीड महिना काहीच नाही. नकार असावा, अशी मायलेकींनी समजूत करून घेतली. प्रत्यक्षात विद्यापीठाने एक गुणपत्रिका मागवणारी ई-मेल पाठवली होती. मुलीची पेटी गच्च भरलेली, म्हणून ती परत गेली. हे कळले तेव्हा मुदत संपली होती. पोरीचे एक वर्ष गेले.

दाराला कुलूप असले तर पोस्टमन चिठ्ठी तरी टाकून जातो. येथे पत्र परत आल्याचे पाठवणाऱ्याला कळते. ज्याचे पत्र, त्याला नाही. जागा संपत आल्याची सूचना पडद्यावर येते खरी, पण ती इंग्रजी ओळ आपण न वाचताच बोटाने बाजूला सारतो. आणि नंतर जागा मोकळी केली, तरी परत गेलेले पत्र आपोआप येत नाही.

आता ही पेटी भरते कशाने? जीमेलचे उदाहरण घेऊ, कारण आपल्यापैकी अनेकांचे खाते तेथेच आहे. १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू झाले तेव्हा १ जीबी जागा फुकट देऊ केली होती. इतरांकडे तेव्हा २ ते ४ एमबी मिळत असे, त्यामुळे लोकांना तो एप्रिल फूलच वाटला! पुढे हीच जागा १५ जीबी झाली. परंतु ती एकट्या पत्रांची नाही. ड्राइव्हमधील कागद आणि गूगल फोटोतील छायाचित्रे त्याच जागेत मोजली जातात. छायाचित्रांना १ जून २०२१पासून सूट उरलेली नाही. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा राखीव साठाही २०२४पासून यातच धरला जाऊ लागला. म्हणजे रोज सकाळी येणारे सुविचाराचे व्हिडिओ पोरीच्या पत्राची जागा खातात. पत्रे बिचारी हलकीच असतात. मराठीत टाइप केलेले एक भरगच्च पान सहा केबीच्या आसपास भरते, तर फोनने काढलेला एक फोटो सहज ४ एमबीचा. एका फोटोच्या जागेत सहाशेहून अधिक पाने मावतील.

दुसरी अडचण पाठवण्याची. जीमेलवरून एका पत्रात २५ एमबीपर्यंत मजकूर जातो, असे आपण ऐकतो. पण जोडलेली फाइल वाटेत अक्षरांच्या रूपात बदलून जाते आणि तीन भागांचे चार होतात. म्हणून हिशेब करताना १८ एमबी हीच हद्द धरावी. त्यातून घेणाऱ्या कार्यालयाची मर्यादा आणखी कमी असू शकते, आणि दोहोंतली कमी असेल तीच लागू पडते. मर्यादा ओलांडली की जीमेल फाइल ड्राइव्हवर ठेवते आणि पत्रात फक्त दुवा जातो. परवानगी दिलेली नसेल तर समोरच्या कारकुनाला तो उघडत नाही. मी स्वतः कारकून आहे. टेबलावर चाळीस अर्ज असताना न उघडणाऱ्या दुव्यामागे कोण लागणार? जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका यांचे सुटे फोटो न जोडता सर्वांची मिळून एक लहान पीडीएफ करावी. अक्षर वाचता येते की नाही, हे मात्र पाठवण्यापूर्वी स्वतः उघडून पाहावे. बाबासाहेबांच्या ग्रंथांच्या जड फाइली एकमेकांना पाठवणाऱ्या बांधवांनीही नुसता दुवा पाठवला तरी चालेल.

पेटी रिकामी करायची तर आधी खात्याच्या चित्रावर बोट ठेवून किती जागा उरली, ते पाहावे. मोठी पत्रे शोधून काढावीत. ती पुसली तरी ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहतात आणि जागा अडवतात. तेव्हा ट्रॅशही रिकामे करावे. व्हॉट्सॲपच्या साठ्यातून व्हिडिओ वगळण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. सायबरवाल्याने फॉर्म भरताना उघडून दिलेल्या खात्याचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला असेल, तर तो आजच मागून घ्या. दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते.

पुसण्यापूर्वी कागदपत्रांची प्रत पेनड्राइव्हवर ठेवावी. १९१७ साली बाबासाहेब लंडनहून परतले, तेव्हा वेगळ्या बोटीने येणारे त्यांचे ग्रंथ बोटीबरोबर समुद्रात गेले, हे आपण जाणतोच.

गेल्या दोन रविवारी वंदना झाल्यावर आम्ही विहारातच फोन घेऊन बसलो. तरुण मुलांनी भराभर पेट्या मोकळ्या केल्या. एक आजोबा मात्र १४ एप्रिलच्या मिरवणुकीचा एकही व्हिडिओ पुसू देईनात. शेवटी त्यांच्या नातीने सगळे पेनड्राइव्हवर उतरवले, तेथेच लावून दाखवले, मग त्यांनी फोन तिच्या हाती दिला. त्या मुलीने, जिचे वर्ष गेले, यंदा पुन्हा अर्ज केला आहे. रोज रात्री ती आधी उरलेली जागा पाहते, मग पत्रे.