खर्डीचे धक्के आणि अणुभट्टीची जागा

शहापूर तालुक्यात खर्डीच्या बाजूला साठी ओलांडलेल्या कुणालाही १९८३ सालच्या पावसाळ्याबद्दल विचारा. जमिनीतून गडगडाट यायचा, मागोमाग मांडणीवरची भांडी वाजायची, आणि माणसं पोराबाळांना घेऊन अंगणात धावायची. भातसा धरणाच्या जलाशयाभोवती त्या वर्षी धक्क्यांची रांग लागली होती. १५ सप्टेंबरला त्यातला सर्वांत मोठा, ४.९ च्या आसपासचा धक्का बसला. मातीच्या भिंतींना तडे गेले, लोक घरात झोपायला धजेनात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेच्या बी. के. रस्तोगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धक्क्यांचा अभ्यास करून १९८६ साली निबंध प्रसिद्ध केला. धक्क्यांचं नातं त्यांनी जलाशयात साठलेल्या पाण्याशी जोडलं.

अणुवीज प्रकल्पाची जागा सुरक्षित आहे की नाही हे कसं ठरवावं, हा प्रश्न महाराष्ट्रात तारापूरपासून जैतापूरपर्यंत पुन्हा पुन्हा उभा राहतो. त्याची चर्चा बहुधा भट्टीच्या तंत्रज्ञानाभोवती फिरते. मला ती जमिनीपासून सुरू व्हावी असं वाटतं, आणि त्यासाठी ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडइतकी चांगली कसोटीची जागा दुसरी सापडणार नाही. धरणं, सह्याद्रीचा कडा, मुसळधार पाऊस, महानगराचं पिण्याचं पाणी आणि डोंगरात विखुरलेले पाडे, सगळं या दोन तालुक्यांत एकत्र आहे.

नकाशापासून सुरुवात करू. देशाचे भूकंपप्रवणतेनुसार विभाग पाडलेले आहेत. ठाणे जिल्हा गेली अनेक वर्षं तिसऱ्या विभागात गणला गेला, जैतापूरही तिसऱ्याच. अणुऊर्जा नियामक परिषदेच्या निकषांत पाचव्या विभागातली जागा बाद, आणि पाच किलोमीटरच्या आत हालचाल होऊ शकेल असा प्रस्तर-भंग असेल तरीही बाद. ऐकायला हे चोख वाटतं. पण नकाशा कसा बदलत आला ते पाहावं. दख्खनचं पठार स्थिर, असं शास्त्रज्ञ मानत होते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ चा भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं गेली, १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या वरच्या भागाला भेगा पडल्या, आणि मग कोयनेचा विभाग बदलला. किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होती. ३० सप्टेंबर १९९३ ला तिथे हजारो माणसं ढिगाऱ्याखाली गेली, आणि पुढच्या नकाशात किल्लारीचा रंग बदलला. नकाशा भूकंपाच्या मागून चालत आला आहे. त्याच्या भरवशावर साठ-सत्तर वर्षं चालणारी भट्टी उभारणं मला मान्य नाही.

हाच मुद्दा रॉजर बिल्हॅम आणि विनोद गौर यांनी २०११ साली ‘करंट सायन्स’मध्ये जैतापूरबद्दल मांडला. त्यांनी जागा बाद करा असं म्हटलं नव्हतं. कोयना किंवा किल्लारीसारखा सहाच्या पुढचा भूकंप जैतापूरखाली होण्याची शक्यता कमी आहे, पण ती नाकारता येत नाही, कारण आपल्याकडची नोंद फारच तोकडी आहे, एवढंच त्यांचं सांगणं होतं. अणुभट्टीसाठी विचारात घ्यायचा भूकंप दहा हजार वर्षांतून एकदा येण्याजोगा असतो. आपल्या यंत्रांच्या नोंदी काही दशकांच्या, बखरी-कागदपत्रं तीन-चारशे वर्षांची. उरलेल्या काळाचा अंदाज खडकावरूनच बांधावा लागतो.

खडक वाचायची जागा म्हणजे बोअरिंगची पेटी. जमिनीतून निघालेल्या दगडाच्या कांड्या लाकडी पेटीत खोलीच्या क्रमाने मांडतात. काळीभोर, हातभर लांब, अखंड कांडी आली की कठीण पाषाण. पांढऱ्या खनिजांनी भरलेल्या भोकांचा दगड आला की मांजऱ्या. मध्येच दोन लाव्हाथरांमधली तांबड्या मातीची पट्टी येते. आणि मग कुठे नुसता चुरा, कुठे पेटीत चक्क रिकामी जागा, कारण तिथला दगड इतका फुटलेला की हाती काही लागलंच नाही. ती रिकामी जागा सर्वांत बोलकी असते. तो भंग किती लांब गेला आहे, त्यात पाणी फिरतं का, तो शेवटचा कधी सरकला, हे तिथून विचारायला सुरुवात व्हावी. शहापूर-मुरबाडचा बेसाल्ट उभ्या डाइकांनी, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींनी, चिरलेला आहे; पश्चिमेला तानसेच्या काठावर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची गरम पाण्याची कुंडं आहेत. पाणी खोल जाऊन तापून वर येतं, म्हणजे खाली वाटा आहेत.

आणि भातसाने दाखवलं ते याच वाटांबद्दल. जलाशयाचं वजन वरून पडतं, पाण्याचा दाब फटींतून खोल उतरतो, आधीच ताणात असलेल्या भंगाची पकड सैल होते. ताण पाण्याने निर्माण केलेला नसतो, पाणी त्याला मोकळं करतं. म्हणून धरण बांधण्याआधीची शांतता हा सुरक्षिततेचा पुरावा धरता येत नाही. शहापूर तालुक्यातच चोंढ्याला घाटघर उदंचन प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. तिथलं पाणी वर-खाली होत असतं. अशा परिसरात भट्टीचा विचार करायचा तर आधी किमान पाच वर्षं सूक्ष्म भूकंपमापकांचं जाळं बसवायला हवं, आणि त्याच्या नोंदी दर महिन्याला जाहीर व्हायला हव्यात.

हे मी पालघरकडे पाहून म्हणतो. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. तेव्हा तारापूर आणि शहापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणूतल्या धुंदलवाडीच्या परिसरात धक्के सुरू झाले, पुढच्या फेब्रुवारीत एक चारच्या वर गेला. लोक तंबूत राहिले. तारापूर तिथून साधारण चाळीस किलोमीटर. धक्के सुरू झाल्यावर त्या भागात भूकंपमापकांची संख्या वाढवावी लागली. जवळच जवळपास पन्नास वर्षं अणुवीज केंद्र चालू असताना हे जाळं आधीच दाट असायला हवं होतं.

पाण्याबद्दल. हरियाणातल्या गोरखपूरच्या २८०० मेगावॉट प्रकल्पासाठी कालव्यातून ३२० क्युसेक पाणी ठरलं; दिवसाचा हिशेब जवळजवळ ७८ कोटी लिटर होतो. मुंबईला सगळ्या तलावांतून मिळून दिवसाला ४०० कोटी लिटरच्या आतबाहेर पाणी जातं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं, पिसे-पांजरापूरमार्गे. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी देतो, आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. मुंबईच्या या पाण्याचा पाचवा हिस्सा भट्टी थंड करण्यासाठी कुणाच्या घागरीतून काढणार, हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. कारण कोरड्या वर्षी भट्टी बंद ठेवली तरी तिचं इंधन थंड ठेवावंच लागतं. पुराचं उलट. जून १९९४ मध्ये गुजरातेत काक्रापारला तलावाची पातळी चढली आणि पाणी टर्बाइनच्या इमारतीत शिरलं. तिथे त्सुनामी नव्हती, पाऊस होता. माळशेजखाली उभं राहून पाहिलेला पाऊस ज्याला आठवतो त्याला यापुढे सांगायला नको. घाटात दरडी दरवर्षी येतात. पलीकडच्या उतारावर ३० जुलै २०१४ ला माळीण गावाची वस्ती गाडली गेली.

भट्टीपासून सोळा किलोमीटरपर्यंतच्या गावांसाठी आपत्कालीन योजना लागते. शहापूर-मुरबाडमध्ये कुठेही हे वर्तुळ काढलं तर त्यात एखादा जलाशय किंवा त्याला पाणी देणारा डोंगर येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे बाधित फक्त वर्तुळातले ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, कुणबी राहत नाहीत. घाटकोपर-मुलुंडचा नळही त्यात येतो. तरीही जनसुनावणीला बोलावतात ते गावाला, आणि तेही पर्यावरण अहवालावर. जागेच्या किरणोत्सारी सुरक्षिततेचं मूल्यमापन नियामक परिषदेकडे वेगळं होतं, त्याच्या कागदांवर गावाला सवाल करता येत नाही. तो मूल्यमापन अहवाल, बोअरिंगच्या नोंदींसकट, मराठीत ग्रामसभेपुढे आला पाहिजे, आणि मुंबई-ठाणे-कल्याणच्या पालिकांनाही सुनावणीत पक्षकार केलं पाहिजे.

स्थलांतराची चाचणी तर कागदावर चालणारच नाही. या तालुक्यांत अजून असे पाडे आहेत की बाळंतिणीला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. मधला ओहोळ भरला तर तो उतरेपर्यंत थांबावं लागतं. योजनेत लिहिलेल्या तासांत ही माणसं बाहेर निघतात का, हे पाहायचं असेल तर चाचणी जुलैत घ्यावी, रात्री घ्यावी, आणि घड्याळ शेवटच्या पाड्यावरचं शेवटचं माणूस गाडीत बसेपर्यंत चालू ठेवावं.