किट्टय्याचं गाव, केंपेगौडांचं तळं

पुण्या-मुंबईहून विमानानं आलेल्या माणसाला बेंगळुरू पहिल्यांदा भेटतं ते हेब्बाळला. देवनहळ्ळीचा विमानतळ सोडला की बळ्ळारी रस्ता थेट दक्षिणेला धावतो आणि हेब्बाळच्या उड्डाणपुलाशी येऊन थबकतो. हा पूल २००३ साली झाला, विमानतळ २००८ साली. तेव्हापासून हेब्बाळ हे नाव बहुतेकांच्या तोंडी वाहतूक कोंडीपुरतंच उरलं आहे. पण पुलाच्या कठड्यापलीकडे जे विस्तीर्ण पाणी दिसतं, त्याच्या आसपासची वस्ती बेंगळुरू शहराच्या स्थापनेहून सुमारे आठशे वर्षांनी जुनी आहे. त्याला पुरावा आहे, आणि तो दगडावर कोरलेला आहे.

२०१८ साली हेब्बाळमध्ये खोदकाम चालू असताना एक वीरगळ सापडला. त्यावरचा कन्नड लेख इसवी सन ७५० च्या सुमाराचा, गंग राजा श्रीपुरुषाच्या काळातला. बेंगळुरू शहरात आजवर मिळालेला हा सर्वांत जुना कन्नड शिलालेख मानला जातो. लेखात ‘पेर्बोळल नाडु’ असा तीस गावांचा प्रदेश येतो (पेर्बोळल म्हणजेच आजचं हेब्बाळ), आणि तो राखताना मेलेल्या किट्टय्या नावाच्या वीराचा उल्लेख येतो. महाराष्ट्रात वीरगळ गावोगाव आहेत, पण बहुतेक मुके. लढाई दिसते, गायी दिसतात, वीराला नेणाऱ्या अप्सरा दिसतात. तो कोण होता ते मात्र कळत नाही. इथे नाव आहे. पावणेतेराशे वर्षांपूर्वी याच मातीत पडलेला एक माणूस आपण आज नावानं ओळखतो. मला हेब्बाळमधली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

किट्टय्या लढला कोणाशी? लेखात शत्रूसाठी ‘रट्टवाडि’ हा शब्द आहे, म्हणजे राष्ट्रकूट. इथे मराठी वाचकानं जरा थांबायला हवं. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे त्या कृष्ण पहिल्याचं हे घराणं. त्याच्या सैन्यानं गंगवाडीवर, म्हणजे गंगांच्या राज्यावर, स्वारी केली तेव्हा छावणी पडली ती गंगांच्या मान्यपूरला, म्हणजे आजच्या नेलमंगलजवळच्या मण्णे गावी. या छावणीतून त्यानं ७६८ साली एक दानपत्र दिलं. तो ताम्रपट पुढे पुणे जिल्ह्यातल्या तळेगावला सापडला, आणि त्यात ‘पूनक विषय’, म्हणजे पूनक प्रांत, असा उल्लेख आहे. पुण्याच्या नावाचे जे अगदी आरंभीचे लेखी पुरावे इतिहासाची पुस्तकं देतात, त्यांपैकी हा एक. म्हणजे पुण्याचं जुनं नाव सांगणारा तांब्याचा पत्रा बेंगळुरूच्या परिसरातून निघाला, आणि हेब्बाळचं जुनं नाव सांगणारा दगड त्याच दोन घराण्यांच्या वैरात मेलेल्या माणसासाठी उभा राहिला. दोन्ही गावांना आपलं नाव एकाच वैराच्या कागदपत्रांतून मिळावं, याचं मला फार नवल वाटतं.

तळं बरंच नंतरचं. परंपरेनं ते शहर वसवणाऱ्या पहिल्या केंपेगौडांचं काम, शहराच्या स्थापनेच्या, म्हणजे १५३७ च्या सुमाराचं. इटलीतल्या कोमो सरोवराकाठची गावं जगप्रसिद्ध आहेत. तिथलं सरोवर हिमनद्यांनी कोरलेलं, चारशे मीटरांहून खोल. गाव पाण्यापाशी जाऊन वसलं. बेंगळुरूची गोष्ट उलटी. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीच्या पठारी कण्यावर बसलेलं, जवळ मोठी नदी नाही. इथे माणसं वसली आणि पाणी त्यांनी घडवलं. दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागात मातीचा बांध घालायचा, पावसाचं पाणी अडवायचं, शेतासाठी मोरी ठेवायची आणि जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या तळ्यात सोडायचं. हेब्बाळचं पाणी नागवाऱ्याला, तिथून पुढच्या तळ्यांत, आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीला. पाणी कोणाच्या शेताला किती वेळ द्यायचं हे गावचा ‘नीरगंटी’ ठरवायचा. त्या साखळीतलं एकही तळं स्वतःपुरतं नव्हतं. वरच्याचा सांडवा हाच खालच्याचा झरा.

१६३८ साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखानानं केंपेगौडांच्या वंशजाकडून बेंगळुरू घेतलं आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आलं. जयराम पिंड्ये यांचं ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य त्यांच्या इथल्या दरबारातलं. इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी ते संपादून छापलं. १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना दिलं. राज्यं अशी हातोहात फिरली. बांध मात्र शेतकऱ्यांच्या गरजेपायी जागच्या जागी राहिला.

शेतीचं हे नातं पुढे संस्था होऊन उभं राहिलं. १८९९ मध्ये म्हैसूरच्या महाराणींनी दिलेल्या तीस एकरांवर हेब्बाळला प्रायोगिक शेत सुरू झालं. विश्वेश्वरय्या दिवाण असताना, १९१३ मध्ये, इथे कृषी विद्यालय निघालं; १९४६ मध्ये त्याचं महाविद्यालय झालं आणि १९६४ मध्ये कृषी विद्यापीठ. १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही हेब्बाळचंच. उंच इमारतींच्या गर्दीत जी हिरवाई अजून दिसते, तिच्यात या संस्थांचा वाटा मोठा आहे.

भोवतालची शेतं गेली तशी तळ्याची गरज संपली, असं शहरानं जणू ठरवूनच टाकलं. सांडपाणी आत आलं, जलपर्णी माजली. या शतकाच्या पहिल्या दशकात सरकारच्या तलाव विकास प्राधिकरणानं हेब्बाळसह काही तळी देखभालीच्या नावाखाली खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्यानं दिली. एन्व्हायर्न्मेंट सपोर्ट ग्रुप या संस्थेनं २००८ मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायमूर्ती एन. के. पाटील यांच्या समितीच्या शिफारशी एप्रिल २०१२ मध्ये न्यायालयानं स्वीकारल्या, आणि तळी ही सार्वजनिक ठेव आहे हे मान्य झालं. या लढ्याची आठवण प्रत्येक शहरानं ठेवावी, कारण खासगी कंपनीनं तळ्यावर तिकीट लावलं की पहिल्यांदा मासेमारी करणारा आणि गुरं धुणारा बाहेर पडतो.

पाहायला जायचं तर हिवाळ्यात, सकाळी लवकर. मराठी पक्षीनिरीक्षकाला इथे सगळे ओळखीचे भेटतात: कपाळावर पांढरा टिळा लावलेले वारकरी, चोचीला पिवळं टोक असलेली हळदी-कुंकू बदकं, बुडी मारून भलतीकडेच वर येणाऱ्या टिबुकल्या, जांभळ्या पाणकोंबड्या, आणि बेटाच्या झाडांवर बसलेले जाडजूड पाणकोळी. दुर्बीण नसली तरी चालतं. त्याच फेरीत किट्टय्याच्या वीरगळाकडेही जावं.

आणि या खोऱ्याचं पाणी? ते आता उलट दिशेनं वर चढतं. हेब्बाळ-नागवारा खोऱ्यात गोळा होणारं सांडपाणी शुद्ध करून दिवसाला २१ कोटी लिटर पाणी मुख्यतः चिक्कबळ्ळापूरकडच्या कोरड्या तळ्यांत पंपानं नेण्याची योजना कर्नाटक सरकारनं आखली. ६५ तळी भरायची हे तिचं उद्दिष्ट. शुद्धीकरण पुरेसं होतं का, विहिरींत काय उतरतं, यावर तिथले शेतकरी आणि अभ्यासक सतत प्रश्न विचारतात, आणि ते विचारलेच पाहिजेत. शहराचं सांडपाणी गावाच्या शेतात जाणार असेल, तर त्याच्या तपासणीचे आकडे गावाच्या हाती नियमित पडायला हवेत. नीरगंटीच्या काळी पाण्याचा हिशेब पिणाऱ्यांना आणि पिकवणाऱ्यांना समोर दिसायचा. पंपाच्या काळात तो मागून घ्यावा लागतो.